वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर हर्निया का होतो?

वजन कमी करण्याचे ऑपरेशन म्हणजे मुंबई-पुण्याच्या पैसेवाल्यांची गोष्ट, असे पूर्वी वाटायचे. २०१७ साली इजिप्तच्या इमान अहमद या सुमारे ५०० किलो वजनाच्या महिलेला विमानाने मुंबईत आणले आणि सैफी रुग्णालयात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. तेव्हा टीव्हीमुळे हे ऑपरेशन घराघरांत माहीत झाले. आता साताऱ्याच्या आणि सांगली-मिरजेच्या वस्त्यांमध्येही आम्हाला त्याबद्दल विचारले जाते. कुणाची शुगर आटोक्यात येत नाही, कुणाचे गुडघे कामातून गेलेत, कुणाला दिवस राहत नाहीत, आणि डॉक्टरांनी सांगितलेले असते की वजन उतरवायलाच हवे. नोकरीत असलेल्यांना विम्याचा आधार मिळतो. बाकीचे कर्ज काढतात, दागिना मोडतात.

ऑपरेशन करावे की करू नये, हा या लेखाचा विषय नाही. योग्य माणसाला, योग्य ठिकाणी केलेल्या ऑपरेशनचा फायदा होतो, शुगर आणि बीपी उतरते. आम्हाला बोलायचे आहे ते त्यानंतरच्या काळाबद्दल. ऑपरेशन नीट झाले, वजन उतरले, शेजारीपाजारी म्हणाले, "केवढी बारीक झालीस गं!" आणि मग सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी तीन वर्षांनी पोटात कळ यायला लागली, किंवा बेंबीपाशी फुगवटा दिसायला लागला. घरात कोणी म्हणते वायगोळा आहे, कोणी म्हणते बेंबी सरकली, कोणी म्हणते नजर लागली. पोटाला तेल लावून चोळले जाते, उतारा टाकला जातो. ही कळ हर्नियाची असू शकते. त्यातला एक प्रकार तर बाहेरून दिसतच नाही, आणि तो काही तासांत जिवावर बेततो. म्हणून कारणे नीट समजून घेऊ.

हर्निया म्हणजे काय?

सायकलचा टायर एका जागी फाटला की आतली ट्यूब तिथून फुगा होऊन बाहेर येते. हर्नियाचे तसेच आहे. आपल्या पोटाला कातडी आणि चरबीखाली स्नायूंची व पांढऱ्या चिवट पडद्याची भिंत असते. ती भिंत आतडी जागच्या जागी धरून ठेवते. भिंतीला कुठे भोक पडले किंवा ती पातळ झाली, की आतली चरबी किंवा आतडे त्या वाटेने बाहेर सरकते. खोकले, जोर केला की फुगवटा येतो, आडवे पडले की आत जातो. आपल्याकडे याला अंतर्गळ म्हणतात.

वजनाच्या ऑपरेशननंतर हर्निया दोन जागी होऊ शकतो. एक, कातडीवर व्रण असतो त्या जागी. दुसरा, पोटाच्या आत, आतड्यांच्या मध्ये. दोन्हींची कारणे वेगळी आहेत. ती कळण्यासाठी आधी ऑपरेशनचे प्रकार माहीत हवेत.

कोणते ऑपरेशन झाले, हे माहीत हवे

पहिला प्रकार स्लीव्ह. यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा जास्त भाग कापून काढतात आणि उरलेले जठर केळ्यासारखे निमुळते ठेवतात. आतड्याला हात लावत नाहीत.

दुसरा प्रकार बायपास. यात जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी लहान पिशवी तयार करतात, लहान आतडे कापतात, त्याचे एक टोक त्या पिशवीला आणि दुसरे खाली आतड्यालाच जोडतात. म्हणजे जोड दोन होतात. मिनी बायपास नावाच्या प्रकारात आतडे न कापता एकच जोड देतात.

आपल्या बायाबापड्या "पिशवी काढली" म्हणतात तेव्हा ती गर्भाशयाची पिशवी असते. जठराच्या ऑपरेशनलाही घरात कोणी "पोटाची पिशवी" म्हणू लागले, की नवा डॉक्टर गोंधळात पडतो. म्हणून स्लीव्ह झाले की बायपास, हा एक शब्द तुम्हाला आणि घरातल्या आणखी एका माणसाला पाठ हवा.

व्रणाच्या जागचा हर्निया: सहा कारणे

आजकाल ही ऑपरेशन्स बहुतेक दुर्बिणीने होतात. पोटावर पाच-सहा छोटी छिद्रे पाडतात. पूर्वी पोट उभे उघडत, आणि काही वेळा आजही उघडावे लागते. कोणतेही ऑपरेशन पोट उभे उघडून केले तर साधारण १०० पैकी १० ते २० जणांना पुढे व्रणाच्या जागी हर्निया होतो. दुर्बिणीच्या छिद्रातून तो होण्याचे प्रमाण बरेच कमी आहे, पण होतो.

१. पोटातला दाब. चरबी नुसती कातडीखाली नसते, आतड्यांभोवतीही असते. तिच्यामुळे पोटाची भिंत आतून सतत ढकलली जाते. नुकत्याच घातलेल्या टाक्यांवर पहिल्या दिवसापासून हा ताण असतो.

२. खोल छिद्र. दहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या छिद्राला आतल्या चिवट पडद्यापर्यंत टाका घालणे चांगले. कातडीखाली चार बोटे चरबी असली की तिथपर्यंत पोचणे अवघड जाते. आतला टाका राहून गेला आणि फक्त कातडी शिवली, तर भोक तसेच राहते. अशा भोकात आतडे अडकले, तर पहिल्या काही दिवसांतच उलट्या सुरू होतात.

३. जखमेत पू होणे. शुगर वाढलेली असली की जखम चिघळते. चिघळलेली जखम वरून बरी झाली तरी आतला सांधा कच्चा राहतो. व्रणाच्या हर्नियाचे हे फार मोठे कारण आहे.

४. तंबाखू, मिश्री, विडी. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला पुरेसे रक्त मिळत नाही, नवे तंतू कच्चे विणले जातात. विडीचा खोकला आला की प्रत्येक ढासेबरोबर टाक्यावर धक्का बसतो. मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे.

५. अंगात प्रथिने कमी पडणे. ऑपरेशननंतर चार घासांत पोट भरते. त्या चार घासांत भाकरीचा तुकडा आणि चहाच गेला, तर जखम भरायला सामान कुठून येणार? वजन उतरत असते, पण त्याबरोबर स्नायूही झडतात आणि पोटाची भिंत पातळ होते.

६. लवकर ओझे उचलणे. पाण्याने भरलेला हंडा १५ किलोच्या आसपास भरतो. उसाची मोळी आणि सिमेंटचे पोते त्याहून जड. बद्धकोष्ठाने शौचाला जोर करणे हेही ओझेच समजा.

ही कारणे वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. पाणी भरणे, भांगलण, बांधकामावरचे घमेले, धुणेभांडी ही कामे आपल्या भगिनींना टळत नाहीत. "तिने काळजी घेतली नाही" असे म्हणून घरच्यांनी हात झटकू नयेत. ती सहा आठवडे हंडा उचलणार नसेल, तर तो दुसऱ्या कुणीतरी उचलला पाहिजे. हा निर्णय ऑपरेशनच्या आधी घरात व्हायला हवा.

डॉक्टरांच्या टाक्यावरही बरेच अवलंबून असते. नेदरलँड्समध्ये ५६० रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. उभा छेद शिवताना मोठे टाके घातले, तेव्हा वर्षभरात १०० पैकी २१ जणांना हर्निया झाला. पाच-पाच मिलिमीटरवर बारीक टाके घातले, तेव्हा १३ जणांना झाला. तो अभ्यास वजनाच्या ऑपरेशनचा नव्हता, पण पोटाची भिंत तीच. सगळा दोष रुग्णाच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

आतला हर्निया: बाहेर काहीच दिसत नाही

हा प्रकार बायपासनंतर होतो. लहान आतडे साधारण २० फूट लांब असते. ते पोटात सुटे लोंबकळत नाही. झालरीच्या काठासारखे ते एका पडद्याला लागलेले असते, आणि तो पडदा मागे पाठीच्या बाजूला जेमतेम सहा इंचांच्या रेषेत बांधलेला असतो. आतड्याला रक्त पोचवणाऱ्या सगळ्या शिरा या पडद्यातूनच जातात.

बायपास करताना आतडे कापून वर ओढले की त्याच्यासोबत पडदाही येतो, आणि पडद्यांच्या मध्ये दोन, काही पद्धतींत तीन, मोकळ्या फटी तयार होतात. त्यातल्या एका फटीला पीटरसनची फट म्हणतात. जठर-आतड्याच्या जोडानंतर तिथे आतडे अडकते, हे जर्मन सर्जन वॉल्थर पीटरसन यांनी १९०० साली लिहून ठेवले होते. तेव्हा वजनाचे ऑपरेशन जन्मालाही आले नव्हते. म्हणजे हा धोका सर्जन मंडळींना शंभराहून जास्त वर्षे माहीत आहे.

ऑपरेशनच्या वेळी पडद्यात भरपूर चरबी असते, त्यामुळे फटी बुजल्यासारख्या असतात. मग वजन झपाट्याने उतरते. चरबी बाहेरून उतरते तशी आतूनही उतरते. पडदा पातळ होतो, फट रुंदावते, आणि आतड्याचा वेढा तिच्यातून पलीकडे सरकतो. म्हणून हा हर्निया बहुधा भरपूर वजन उतरल्यावर, वर्ष-दोन वर्षांनी किंवा त्याहून उशिरा दिसतो. ऑपरेशन यशस्वी झाले म्हणून ज्याचे कौतुक होते, त्याच माणसाला तो गाठतो.

दुर्बिणीच्या ऑपरेशनचा इथे एक उलटा परिणाम आहे. पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर आतले अवयव एकमेकांना थोडे चिकटतात. दुर्बिणीत ते कमी चिकटतात. एरवी हा फायदाच, पण आतडे मोकळे राहते आणि फटीत शिरायला त्याला वाव मिळतो.

फटी ऑपरेशनच्या वेळीच शिवल्या तर धोका कमी होतो. स्वीडनमधल्या १२ रुग्णालयांत २,५०७ रुग्णांवर हे तपासले गेले आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फटी न शिवलेल्यांपैकी तीन वर्षांत १०० मागे सुमारे १० जणांना आतडे अडकल्यामुळे पुन्हा ऑपरेशन करावे लागले. फटी शिवलेल्यांमध्ये हेच प्रमाण १०० मागे पाच-सहा होते. शिवतानाही कौशल्य लागते, कारण टाक्याने आतड्याच्या जोडाला मुरड पडू शकते. आणि शिवलेली फटही वजन उतरल्यावर पुन्हा उघडू शकते. म्हणून "माझ्या फटी शिवल्या आहेत" म्हणून कळ अंगावर काढू नये.

मिनी बायपासमध्ये हा हर्निया कमी होतो, पण होतो. स्लीव्हमध्ये आतड्याला हात लावलेला नसल्यामुळे अशी नवी फट तयार होत नाही. मात्र स्लीव्हनंतर छातीच्या पडद्याच्या भोकातून जठराचा वरचा भाग छातीत सरकू शकतो. तेव्हा घशाशी आंबट येते, छातीत जळजळ होते, रात्री ठसका लागतो. असा त्रास ऑपरेशनच्या आधीपासून असेल, तर तो डॉक्टरांना आधीच सांगावा.

कळ कशी ओळखायची?

व्रणाचा हर्निया डोळ्यांना दिसतो. उभे राहिल्यावर, खोकल्यावर फुगवटा येतो, ओढ लागते. तो आत जात असेल तर घाई नसते, पण दाखवून घ्यावा.

आतल्या हर्नियाची कळ फसवी असते. ती जेवल्यावर येते, पोटाच्या वरच्या भागात, पुष्कळदा डाव्या बाजूला, आणि पाठीकडे जाते. अर्धा तास, तासभर राहते आणि आपोआप थांबते, कारण सरकलेले आतडे परत जागेवर येते. मग माणूस म्हणतो, गॅस होता, गेला. महिन्याने पुन्हा तेच. साध्या एक्स-रेत काही दिसत नाही. सीटी स्कॅनमध्ये पडद्याला पीळ पडलेला दिसू शकतो, पण स्कॅन चांगला आला म्हणजे हर्निया नाहीच, असे होत नाही. कळ पुन्हा पुन्हा येत असेल, तर अनुभवी सर्जन दुर्बिणीने आत पाहण्याचा सल्ला देतात.

पुढीलपैकी काही झाले तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा:

- कळ थांबतच नाही, वाढत जाते.
- उलट्या होतात किंवा नुसत्या कोरड्या ओकाऱ्या येतात. बायपासनंतर जठर लहान असल्याने मोठी उलटी होतेच असे नाही.
- वारा सरत नाही, शौचाला होत नाही, पोट फुगून कडक होते.
- फुगवटा आत जात नाही, दुखतो, लाल किंवा काळा पडतो.
- ताप येतो, छाती धडधडते, अंगाला गार घाम सुटतो.

आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर ते काही तासांत काळे पडते. अशा वेळी पोट चोळणे, जुलाबाचे औषध देणे, बाहेर आलेली गाठ जोराने आत ढकलणे घातक आहे. बायपास झालेल्यांनी दुखण्यावर मेडिकलमधून ब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत. जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो.

गरोदर भगिनींनी जास्त जपायचे आहे. पोट वाढते तसे गर्भाशय आतड्यांना वर ढकलते, आणि फटीत आतडे शिरण्याचा धोका वाढतो, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत. तेव्हाची कळ बाळंतपणाची समजली जाते. म्हणून ऑपरेशननंतर किमान १२ ते १८ महिने दिवस राहू देऊ नयेत, आणि पुढे राहिले की आशाताई, सिस्टर आणि डॉक्टर या तिघांनाही बायपासबद्दल सांगावे.

ऑपरेशन ठरवण्याआधी

आशियाई लोकांसाठी भारतात बराच काळ पाळला गेलेला निकष असा: बीएमआय ३७.५ च्या वर, किंवा शुगर-बीपीसारखा आजार असेल तर ३२.५ च्या वर. पाच फूट उंचीच्या माणसाच्या हिशेबात हे अनुक्रमे सुमारे ८७ आणि ७५ किलो होते. अलीकडे काही जागतिक संघटनांनी ही मर्यादा आणखी खाली आणली आहे. त्यामुळे "तुम्ही निकषात बसता" एवढ्यावर सही करू नका. हे प्रश्न विचारा:

- माझ्यासाठी स्लीव्ह की बायपास, आणि का?
- बायपास असेल तर आतल्या फटी शिवणार का?
- मोठ्या छिद्रांना आतून टाका घालणार का?
- मला आधीपासून बेंबीचा किंवा जुन्या व्रणाचा हर्निया आहे का? असल्यास त्याचे काय करणार?
- दोन वर्षांनी रात्री कळ आली तर मी कुठे जायचे?

प्रश्न विचारले म्हणून रागावणाऱ्या ठिकाणी पोट उघडायला देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तंबाखू, मिश्री, विडी निदान सहा आठवडे आधी बंद करावी आणि नंतरही लावू नये. शुगर आटोक्यात आणावी. ऑपरेशननंतर दुर्बिणीचे असेल तर चार ते सहा आठवडे, पोट उघडलेले असेल तर दोन-तीन महिने, पाच किलोच्या वर ओझे नको. आहारात दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम असतात. अंडी, मासळी, सुकट, चिकन, मटकी, मूग, हुलगे, दूध यांतून ती भागवावीत. ताटात आधी हे खावे, भाकरी नंतर.

उपचार आणि कागद

हर्निया गोळ्यांनी जात नाही. पोटाचा पट्टा फुगवटा दाबून धरतो, भोक बुजवत नाही. व्रणाचा हर्निया अडकलेला नसेल, तर वजन एका जागी स्थिरावल्यावर जाळी बसवून दुरुस्त करतात. आतला हर्निया असेल तर आतडे जागेवर आणून फट शिवतात. वेळेत केले तर हे दुर्बिणीने होऊ शकते. उशीर झाला तर काळे पडलेले आतडे कापावे लागते.

सरकारी सेवेचा आधार आहे. साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, कराडचे वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय ही नावे घरात सगळ्यांना माहीत असू द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमच्या हर्नियाचे ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात त्यात बसते, हे रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

पण रात्री दोन वाजता तपासणाऱ्या डॉक्टरांना सर्वांत जास्त उपयोग होतो तो तुमच्या ऑपरेशनच्या कागदाचा. पुण्या-मुंबईत झालेले ऑपरेशन मिरजेच्या डॉक्टरांना कसे कळणार? पोटावर पाच बारीक व्रण एवढेच त्यांना दिसते. डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट्स हातात असल्या तर बायपास आहे, फटी शिवल्या किंवा शिवल्या नाहीत, हे लगेच कळते आणि निर्णयाचे तास वाचतात. हे कागद मागणे हा तुमचा हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. लेखी अर्ज करा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

हा लेख सिझर, कुटुंबनियोजन किंवा गर्भाशयाची पिशवी काढण्याचे ऑपरेशन झालेल्या भगिनींनीही आपला समजावा. व्रणाच्या हर्नियाची कारणे त्यांनाही लागू आहेत, आणि अशा भगिनी आपल्या वस्तीत घरटी एक तरी असते. पुढच्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा हा लेख मोठ्याने वाचून दाखवा. आणि आज घरी एवढे करा: ज्यांच्या पोटाचे कोणतेही ऑपरेशन झाले आहे, त्यांचा कागद शोधा, दोन झेरॉक्स काढा, एक रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा.